बेताचा पाऊस

माझ्या आईचं माहेर आंबोलीचं. त्यामुळे पाऊस या विषयावर आमच्या घरात तिच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. ठाण्यात रात्रभर कोसळून सकाळी लोकल बंद पडलेल्या असतात, चौकात रिक्षावाले पोटरीभर पाण्यात रिक्षा ढकलत असतात, आणि आई गॅलरीतून खाली डोकावून म्हणते, "सर येऊन गेली वाटतं." तिच्या लहानपणी म्हणे जूनमध्ये धुतलेलं लुगडं गणपतीत वाळायचं आणि मीठ काढायला बरणी तिरकी करावी लागायची.

२९ ऑगस्ट २०२१, रविवार. दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी, म्हणून आई सुंठवड्याचं खोबरं किसायला घेऊन हॉलमध्ये बसली होती आणि मी टीव्हीवर फॉर्म्युला वनची बेल्जियमची शर्यत लावली होती. स्पा-फ्रँकोरशाँ. आर्देनच्या जंगलातला सात किलोमीटरचा ट्रॅक, एका टोकाला ऊन तर दुसऱ्या टोकाला धार अशी त्याची ख्याती. आपल्या घड्याळात सुरुवात साडेसहाला. साडेसहाला सुरुवात झाली नाही. पावणेसातलाही नाही. सातच्या सुमाराला गाड्या निघाल्या, दिवे लावलेल्या सेफ्टी कारच्या मागे रांगेत एक-दोन चकरा मारून आल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

"कुणी मंत्री आलाय का?" आईने विचारलं.

"सेफ्टी कार आहे ती. पाऊस पडतोय ना, म्हणून थांबलेत."

आईने चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे निरखून पाहिलं. "कुठे?"

खोबऱ्याची पहिली वाटी संपली, दुसरी संपली. पडद्यावर छत्र्या, प्लास्टिकचे कोट आणि धुकं. आत बसून कंटाळलेले ड्रायव्हर, बाहेर बसून भिजलेले प्रेक्षक. बायकोने दोनदा विचारलं, "वाढू का?" मी दोनदा म्हटलं, "आता सुरू होईल." जवळजवळ तीन तासांनी, आपल्याकडे रात्रीचे पावणेदहा वाजत असताना, गाड्या पुन्हा सेफ्टी कारच्या मागून निघाल्या, थोडं फिरल्या, पुन्हा थांबल्या आणि शर्यत संपली. अधिकृत निकालात धरली गेली ती एक फेरी. ठरल्या होत्या ४४.

"पहिला कोण आला?"

"वर्स्टॅपन."

"किती जणांना मागे टाकून?"

"एकालाही नाही. तो आधीपासूनच पुढे उभा होता."

"मग बक्षीस कालच का नाही देऊन टाकलं? लोकांचं भिजणं तरी वाचलं असतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर फॉर्म्युला वन चालवणाऱ्यांकडेही नव्हतं. वर्स्टॅपनला पंचविसाच्या जागी साडेबारा गुण मिळाले. जॉर्ज रसेल तेव्हा विल्यम्सच्या मागे पडणाऱ्या गाडीत बसायचा. आदल्या दिवशी ओल्या ट्रॅकवर त्याने जीव तोडून दुसरी जागा मिळवली होती. ती जागा रविवारभर नुसती सांभाळून तो आयुष्यात पहिल्यांदा पोडियमवर चढला. त्या दिवशी वर्स्टॅपनने स्पार्कलिंग वाइन उडवली तेव्हा ती कोणत्या पराक्रमाबद्दल, हे त्याच्या चेहऱ्यावरूनही कळत नव्हतं. पुढल्या मोसमापासून नियम बदलला. आता सेफ्टी कार बाजूला असताना निदान दोन फेऱ्या खऱ्याखुऱ्या झाल्याशिवाय गुणच मिळत नाहीत. हा नियम आईने केला असता तर एका वाक्यात केला असता.

आईच्या दृष्टीने यांची मूळ गोम पावसाबद्दलच्या अडाणीपणात आहे. आपल्याकडे मृगाचा पाऊस वेगळा, आर्द्रेचा वेगळा. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, पुढे सासूंचा, मग सुनांचा, शेवटी हत्तीचा. त्या दिवशी मघा नक्षत्र चालू होतं, म्हणजे सासूंचा पाऊस. हे आईने सांगितल्यावर बायकोने स्वयंपाकघरातून "तरीच थांबत नाहीये" असं काहीतरी पुटपुटल्याचं मला ऐकू आलं नाही, असं मी आजही म्हणतो. तर एवढ्या सगळ्या वैभवापुढे फॉर्म्युला वनला पाऊस माहीत आहे दोनच प्रकारचा: हिरवा आणि निळा. टायरच्या कडेला हिरवा पट्टा असेल तर तो इंटरमीडिएट, म्हणजे भुरभुर आणि ओलसर रस्त्यासाठी. निळा पट्टा असेल तर पक्का पावसाळी. पट्टा यांपैकी कोणताच नसेल तर तो कोऱ्या पाटीसारखा गुळगुळीत टायर, आणि ओल्या ट्रॅकवर त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे शेवाळलेल्या घाटावरून कोल्हापुरी चपला घालून उतरणं.

आता या निळ्या टायरची गंमत ऐका. टायर बनवणारी पिरेली सांगते की ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने जाताना असा एक टायर सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकतो. हिरवा फेकतो ३० लिटर. चार निळ्या टायरांचे झाले सेकंदाला ३४० लिटर. आमच्या सोसायटीची टाकी वीस हजार लिटरची आहे. ती एक गाडी एका मिनिटात उपसून टाकेल. पण हे पाणी जातं कुठे? मागच्याच्या डोळ्यांत. सगळ्या गाड्या मिळून रस्त्यावरचा पाऊस उचलून पुन्हा हवेत उभा करतात, आणि मागच्या ड्रायव्हरला समोरच्या गाडीचा एक लाल दिवा दिसला तर दिसतो. म्हणजे निळा टायर लावण्याइतकं पाणी साचलं की काही दिसत नाही, काही दिसत नाही म्हणून शर्यत थांबते, आणि पुन्हा सुरू होते ती पाणी कमी झाल्यावर, तेव्हा लागतो हिरवा. लग्नातल्या शालूसारखा हा निळा टायर दर शर्यतीला बरोबर न्यायचा, इस्त्री मोडू न देता परत आणायचा.

यावर उपाय म्हणून फॉर्म्युला वनच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये सिल्व्हरस्टोनला आणि २०२४ मध्ये इटलीत फिओरानोला गाड्यांच्या चाकांवर झाकणं बसवून चाचण्या घेतल्या. ही बातमी वाचून मला भरून आलं. मडगार्ड! आपल्या एसटीला, ट्रकला, दुधाच्या टेम्पोला जे जन्मजात असतं, ज्याच्या रबरावर लोक ओके टाटा लिहितात, ते शोधायला जगातल्या सर्वांत महागड्या खेळाला सत्तरहून अधिक वर्षं लागली. आणि लावून बघितलं तर फारसा उपयोगही झाला नाही, कारण पाणी नुसतं चाकांतून उडत नाही, गाडीच्या पोटाखालूनही उसळून येतं.

इतकं सगळं असूनही, दर शर्यतीच्या रविवारी सकाळी जगभरचे फॉर्म्युला वनचे प्रेमी एकच गोष्ट करतात. जिथे शर्यत आहे त्या गावाचं हवामान बघतात. मी तर ठाण्यातला छत्रीचा दिवस मोबाइलवर कधी बघत नाही, पण साओ पावलोला दुपारी दोन वाजता पावसाची शक्यता किती टक्के, हे मला शुक्रवारपासून पाठ असतं. शक्यता साठच्या वर गेली की मन प्रसन्न होतं. बायको म्हणते, कुठल्या तरी परक्या गावात ढग आले म्हणून असं हसणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही.

कारण उघड आहे. कोरडी शर्यत ही पुष्कळदा वरात असते. घोड्यावरचा ठरलेला, मागचे ठरलेले, फक्त किती वेळात हॉलवर पोचणार एवढंच बघायचं. पाऊस आला की वरातीत गाय घुसते. कोण कुठल्या बोळात पळेल सांगता येत नाही. २००३ साली साओ पावलोच्या इंटरलागोस ट्रॅकवर तिसऱ्या वळणाला एक ओहोळ वाहत होता. तिथे एकामागून एक गाड्या येऊन घसरत बाहेर गेल्या आणि बाहेर आधीच उभ्या असलेल्यांच्या शेजारी पार्क झाल्या. त्यात मायकेल शूमाकरही होता. शेवटी शर्यत थांबवली, राइकोनेनला विजेता ठरवून पोडियमवर चढवलं, आणि खाली जिआंकार्लो फिसिकेलाची जॉर्डन गाडी चक्क पेटली. काही दिवसांनी फेऱ्यांची मोजणी पुन्हा केली तेव्हा लक्षात आलं की जिंकला होता तो फिसिकेलाच. पुढच्या शर्यतीला इमोलामध्ये राइकोनेनने त्याला करंडक सुपूर्द केला. आहेराची पाकिटं चुकीच्या घरी गेली तर आपल्याकडे इतक्या प्रेमाने परत येत नाहीत.

निको हुल्केनबर्गचं उदाहरण तर आमच्यासारख्यांनी देव्हाऱ्यात ठेवावं असं आहे. हा गृहस्थ २०१० पासून शर्यती पळतोय. चांगला ड्रायव्हर, पण पोडियम नाही. दहा शर्यती, पन्नास, शंभर, दोनशे. नोकरीत सज्जन म्हणून सगळे ओळखतात आणि बढती दुसऱ्याला मिळते, तसा प्रकार. जुलै २०२५ मध्ये सिल्व्हरस्टोनला पाऊस आला, हा एकोणिसाव्या जागेवरून निघाला, घसरणाऱ्यांना घसरू दिलं, टायर बदलायची वेळ प्रत्येक वेळी नेमकी साधली आणि तिसरा आला. आयुष्यातल्या २३९व्या शर्यतीत. आणि इतक्या वर्षांनी जो करंडक हातात आला, तो त्या वर्षी नेमका लेगोच्या ठोकळ्यांचा बनवलेला होता.

पावसाच्या या न्यायबुद्धीचा एकदा आपल्यालाही प्रसाद मिळाला आहे. मार्च २०१२, मलेशियाचं सेपांग. नारायण कार्तिकेयन एचआरटी नावाच्या संघाकडून पळत होता. या संघाची गाडी इतकी मंद की आधीच्या शर्यतीत दोन्ही गाड्या पात्रच ठरल्या नव्हत्या. सेपांगला मात्र सुरुवातीलाच त्याच्या गाडीला पक्के पावसाळी टायर होते. बाकीचे बहुतेक भुरभुरीच्या टायरांवर निघाले, मग धो धो कोसळल्यावर टायर बदलायला धावले, आणि लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली तेव्हा आपला गडी होता दहावा! दहाव्याला गुण असतो. शर्यत तिथेच आटोपली असती तर निदान अर्धा गुण पदरात पडला असता. पुढचा पाऊण-एक तास मी टीव्हीसमोर हात जोडून, मलेशियाच्या वरुणराजाला आळवत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या मनाची कल्पना आली. पाऊस थांबला. शर्यत पुन्हा सुरू झाली. आधी जेन्सन बटन त्याच्यावर येऊन आदळला, नंतर फेटेल मागे टाकता टाकता त्याच्याशी घासला आणि स्वतःचा टायर फाडून बसला. फेटेलने रागाच्या भरात जर्मन टीव्हीवर त्याला 'काकडी' म्हटलं. जर्मनीत ही शिवी आहे. आमच्या कोकणात पावसाळ्यात मोठी काकडी आली की तिला तवसं म्हणतात, गूळ घालून तिचं धोंडस करतात आणि जावयाला वाढतात. आपण हा सन्मान समजायचा.

मला या सगळ्या प्रकारात जास्त मजा वाटते ती यंत्रांची. एका संघात शेकडो इंजिनिअर असतात. गाडीवर शेकडो सेन्सर, उपग्रह, रडार, प्रत्येक ढगाची कुंडली मांडणारे तज्ज्ञ. आणि आभाळ भरून आलं की पिटच्या भिंतीवर बसलेला त्यांतला एक जाणता माणूस काय करतो, तर हाताचा तळवा छपराबाहेर काढून बघतो. पडतोय का? आमच्या चाळीत भिंतीवर बसणारे आजोबा हेच करायचे. मग तो ड्रायव्हरला रेडिओवर विचारतो, तुला कसं वाटतंय? ड्रायव्हर म्हणतो, इथे कोरडं आहे, तिथे ओलं आहे, तुम्हीच सांगा. आणि पुढची दोन मिनिटं, ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने, 'छत्री घेतोस का' या विषयावर वाद चालतो.

हा वाद २०२१ मध्ये रशियात सोचीला जगाने ऐकला. लँडो नॉरिस आघाडीवर, आयुष्यातला पहिला विजय चार-पाच फेऱ्यांवर आलेला, आणि भुरभुर सुरू झाली. संघ विचारतोय, इंटर लावायचे? पोरगं ओरडून म्हणतंय, नाही! प्रत्येक घरातल्या आईला हा संवाद तोंडपाठ आहे. मागून येणाऱ्या हॅमिल्टननेही पहिल्या हाकेला दुर्लक्षच केलं होतं, पण दुसऱ्या हाकेला मुकाट्याने आत आला. दोन फेऱ्यांत आभाळ फाटलं. नॉरिस बर्फावर सोडलेल्या वासरासारखा चारी दिशांना घसरत शेवटी सातवा आला आणि हॅमिल्टनने शंभरावी शर्यत जिंकली. आईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने नॉरिसचं वय विचारलं. एकवीस म्हटल्यावर समाधानाने मान हलवली.

हॅमिल्टनने तरी फार मिरवू नये. त्याच वर्षी हंगेरीत सुरुवातीची घसरगुंडी होऊन शर्यत थांबली, पुन्हा सुरू व्हायच्या आत ऊन पडलं आणि रस्ता वाळला. जागेवर यायच्या फेरीतच सगळ्यांना हे कळलं आणि सगळे टायर बदलायला आत वळले. सगळे, म्हणजे एक सोडून. मग पाच लाल दिवे रीतसर एकेक करून लागले, विझले, आणि भल्यामोठ्या रिकाम्या मैदानातून एकटा हॅमिल्टन सुटला. पंगतीला एकच पान आणि त्या एका पानासाठी उदबत्ती, रांगोळी, 'वदनी कवळ' सगळं!

पाऊस नको म्हणणारे लोक पाहिले. पाऊस कमी पडतोय म्हणून तो आणून ओतणारेही आहेत. मोनॅकोचा ट्रॅक एका बोगद्यातून जातो. १९८४ साली बाहेर धो धो पाऊस आणि बोगद्यात ठणठणीत कोरडं. बाहेरच्या गाड्या ओले टायर घेऊन कोरड्या जागेत येणार, हे धोक्याचं, म्हणून ड्रायव्हर नीकी लाउडाने आग्रह धरला आणि फॉर्म्युला वनचा कारभार पाहणाऱ्या बर्नी एकलस्टनने अग्निशमन दलाचा बंब बोलावला. बंबाने बोगद्यात पाणी मारलं. भर पावसात! आपल्या नगरपालिकेने असं केलं असतं तर चौकशी समिती बसली असती. याच बर्नीने २०११ मध्ये शर्यती रंगतदार व्हाव्यात म्हणून नळांनी कृत्रिम पाऊस पाडायची कल्पना काढली होती. लोक हसले. मी नाही हसलो. लग्नात कारंजं लावणारे आम्ही लोक.

त्या १९८४ च्या मोनॅकोची खरी गोष्ट मात्र पुढेच आहे. आलाँ प्रॉस्ट आघाडीवर होता आणि मागून आयर्टन सेना नावाचा नवखा पोरगा एका साध्या टोलमन गाडीत एकेकाला गिळत येत होता. प्रॉस्ट दर फेरीला रेषेपाशी हात हलवून अधिकाऱ्यांना खुणावत होता: थांबवा, थांबवा. ७७ पैकी ३१ फेऱ्या धरून शर्यत थांबवली. प्रॉस्ट जिंकला, पण शर्यत अर्धवट म्हणून नवाच्या जागी साडेचार गुण. वर्षअखेरीला जगज्जेतेपद गेलं लाउडाकडे. लाउडा ७२, प्रॉस्ट साडेएकाहत्तर. पूर्ण शर्यत होऊन सेनाने प्रॉस्टला हरवलं असतं, तरी दुसऱ्या जागेचे सहा गुण मिळून विजेता प्रॉस्टच ठरला असता. आमच्याकडे जुने लोक देवाकडे मागताना पूर्ण वाक्यात मागायला सांगतात, ते याचसाठी.

अमेरिकेची तऱ्हा तर आणखी निराळी. तिकडच्या नॅसकारच्या गाड्या मोठ्या तिरक्या अंडाकृती ट्रॅकवर पाऊस पडला की पळतच नाहीत. ट्रॅक वाळवतात. कसा? ट्रकच्या मागे जेट इंजिन बसवून, त्याचा झोत रस्त्यावर सोडून. मोठ्या घरच्या बायका केस वाळवतात त्यातलाच प्रकार, फक्त विमानाच्या मापाचा. २०१२ साली डेटोना ५०० ही त्यांची सर्वांत मानाची शर्यत इतिहासात पहिल्यांदाच पावसामुळे रविवारची सोमवारवर गेली. सोमवारी रात्री पिवळ्या झेंड्याखाली शर्यत संथ चाललेली असताना हुआन पाब्लो मोंटोयाच्या गाडीचं काहीतरी तुटलं, आणि एवढा थोरला ट्रॅक मोकळा सोडून ती नेमकी त्या वाळवणाऱ्या ट्रकवरच जाऊन धडकली. विमानाचं इंधन सांडलं, पेटलं, आगीचा लोळ उठला. सुदैवाने माणसं वाचली. पावसामुळे लांबलेली शर्यत आता आगीमुळे थांबली. ब्रॅड केसेलोव्स्की नावाच्या ड्रायव्हरने गाडीत बसल्या बसल्या खिशातून फोन काढून फोटो ट्विट केला. आग विझल्यावर रस्ता घासला तो टाइड पावडरने! चाळीतला जिना धुतल्यासारखा. आईला या सगळ्यातलं तेवढंच पटलं.

पण पाऊस मागणारे आम्ही सोफ्यावरचे. पाऊस पडतो तो उघड्यावर बसलेल्यांवर. माझा भाचा आइंडहोव्हनला नोकरी करतो. त्या २०२१ च्या स्पाला तो डच मित्रांबरोबर गेला होता, वर्स्टॅपनचा नारिंगी टीशर्ट घालून. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा झगा. मूळचा नाशिकचा पोरगा, त्याला पावसापेक्षा चिखलाचं अप्रूप. तो सांगतो, चार तास सगळे उभे होते, कारण बसलं की बाकावरचं पाणी आत जायचं. कुणीतरी गाणं सुरू करायचं, मग अख्खा स्टँड नाचायचा. नाच हा त्या दिवशी हौसेचा विषय नव्हता, ऊब आणायचा होता. सेफ्टी कार हलली की वर्ल्ड कप जिंकल्यासारखा जल्लोष. बूट त्याने तिथेच सोडले, म्हणजे ते आलेच नाहीत बाहेर. हॅमिल्टनने नंतर उघडपणे सांगितलं की या लोकांना तिकिटाचे पैसे परत मिळायला हवेत. भाच्याला मी विचारलं, काय बघितलंस? म्हणाला, "मामा, तेरा गाड्या आणि एक छत्री उडून जाताना."

इंग्लंडच्या प्रेक्षकांना तर २००० साली कुणीतरी ईस्टरची भेट म्हणून शर्यत जुलैमधून उचलून एप्रिलमध्ये आणून दिली. सिल्व्हरस्टोनच्या शेतांतले पार्किंग इतके चिखलले की ट्रॅक्टरने गाड्या ओढून काढाव्या लागल्या, आणि शनिवारी प्रेक्षकांनी कृपा करून येऊच नये, असं सांगायची पाळी आली. आलेले तरीही आले. गमबूट, थर्मास, घडीची खुर्ची आणि 'आता उघडेल' हा भाव. उघडेल म्हणणारा माणूस जगात सगळीकडे सारखाच दिसतो. तो पावसाकडे बघत नाही, ढगांमधल्या फटीकडे बघतो.

आणि खुद्द ड्रायव्हर? २००९ ला सेपांगला युरोपातल्या टीव्हीवाल्यांच्या सोयीसाठी शर्यत संध्याकाळी पाचला ठेवली होती. मलेशियात संध्याकाळी काय पडतं, हे तिथल्या कुठल्याही भाजीवाल्याने सांगितलं असतं. पडलं. शर्यत थांबली. बाकीचे ड्रायव्हर गाडीत बसून काळजी करत होते आणि कॅमेरा फिरत फिरत राइकोनेनवर गेला, तर हा चड्डी-टीशर्टवर गॅरेजमध्ये आइस्क्रीम खात उभा. इतका शहाणा माणूस मी या खेळात दुसरा पाहिला नाही.

सोफ्यावरच्यांचेही हाल होतात, नाही असं नाही. १२ जून २०११, कॅनडा. आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू. पाऊस, सेफ्टी कार, पाऊस, लाल झेंडा, दोन तास विश्रांती. बटन आधी स्वतःच्याच संघातल्या हॅमिल्टनला आदळला, मग अलोन्सोला, दंड भरला, सहा वेळा पिटमध्ये जाऊन आला, एका क्षणी सगळ्यांत शेवटी होता. मी म्हटलं, आता यात काही राम नाही, आणि उशी डोक्याखाली घेतली. तिथल्या दुपारी सुटलेली ती शर्यत चार तास चार मिनिटांनी संपली, फॉर्म्युला वनच्या इतिहासातली सर्वांत लांबलेली. सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास. पुणे-मुंबई हमरस्त्यावर या वेगाने गेलात तर मागचा हॉर्न वाजवतो. आणि शेवटच्या फेरीत, शेवटच्या अर्ध्या फेरीत, फेटेलचं चाक ओल्या पट्ट्यावर गेलं, गाडी जराशी घसरली, आणि शेवटून पहिला आलेला बटन पुढे निघून जिंकला. मी जागा झालो तेव्हा पडद्यावर चहाची जाहिरात होती. बाहेर मृगाचा पाऊस लागला होता आणि बायको खिडक्या लावत म्हणाली, "कुणीतरी घसरलं वाटतं शेवटी. केवढ्याने ओरडत होते."

थट्टा एका जागी येऊन थांबते. ५ ऑक्टोबर २०१४ ला जपानमध्ये सुझुकाच्या पावसात ज्यूल्स बियांकीची गाडी घसरून, दुसऱ्याची गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर गेली. नऊ महिन्यांनी तो गेला, पंचविसाव्या वर्षी. २०२३ मध्ये स्पालाच ज्युनियर मुलांच्या ओल्या शर्यतीत अठरा वर्षांचा डिलानो व्हान्ट हॉफ गेला, तो समोरचं काही न दिसणाऱ्या त्या पांढऱ्या पाण्याच्या भिंतीमुळे. म्हणून आता 'चालू करा' असं ओरडताना माझा आवाज पूर्वीइतका चढत नाही. हे आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग थांबू देत. माझं कुठे काय अडलंय?"

त्यामुळे २७ जुलै २०२५ ला स्पा पुन्हा थांबलं, तेव्हा आम्ही दोघं शांत होतो. श्रावण नुकताच लागला होता. आईच्या पुढ्यात या वेळी वाटाणे होते. साडेसहाचे सात झाले, सात वाजून गेले. गाड्या झाकून ठेवलेल्या, माणसं छत्र्यांखाली. मग हळूहळू बेल्जियमचं आभाळ उजळलं, ढग पांगले, ओल्या डांबरावर चक्क ऊन चमकायला लागलं, आणि तरीही कुणी हलेना. वाट बघायला लागली एकूण ऐंशी मिनिटं. त्यानंतर चार फेऱ्या सेफ्टी कारच्या मागे, आणि बाराव्या-तेराव्या फेरीपर्यंत बहुतेक सगळे कोरड्या टायरांवर आलेही. पण ते नंतर. त्या रिकाम्या, उन्हात वाळत पडलेल्या सात किलोमीटरच्या काळ्याभोर रस्त्याकडे आई बराच वेळ बघत होती. वाटाण्याची शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"एवढं ऊन," ती म्हणाली, "एवढी सपाट जागा, आणि एक पापड घातलेला नाही कुणी."